शेजारचं विरजण

दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे वरकुटे, तालुका इंदापूर. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालं की भिगवण आलं की मला गाव आल्यासारखंच वाटायला लागतं. या वेळी मात्र घरात पाय ठेवतोय न ठेवतोय तोच पुतण्या लॅपटॉप घेऊन समोर हजर!

"काका, आजोबांचा लॅपटॉप चालूच होईना. दुकानात दाखवला तर म्हणले विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागंल."

"आणि आतलं?"

"आतलं सगळं जाईल म्हणले."

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तीन वर्षं झाली. प्राथमिक शिक्षक होते. सरकारी नोकरीतल्या लोकांना एमएस-सीआयटी सक्तीचं झालं तेव्हा कुरकुरत परीक्षा दिली आणि मग त्या माउसचा असा नाद लागला की निवृत्तीनंतर मीच त्यांना हा लॅपटॉप घेऊन दिला, २०१३ साली. त्यावर ते रोज सकाळी दोन बोटांनी काहीतरी टंकत बसायचे. काय टंकताय विचारलं की "दुष्काळाचं" एवढंच उत्तर मिळायचं. १९७२ च्या दुष्काळात आबा तरणे होते. नालाबंडिंगच्या आणि खडी फोडायच्या कामावर गावातलं कोण कोण होतं, सुकडी कुठे वाटली जायची, कुणाची जनावरं कशी गेली, असं सगळं ते जुन्या माणसांना विचारून लिहीत होते. ते लिखाण आम्ही कुणीच वाचलेलं नव्हतं. कॉपी कुठेही काढून ठेवलेली नव्हती. मी संगणकावर पोट भरणारा माणूस, आणि वडिलांच्या फायलींचा बॅकअप नाही! याला काय म्हणावं?

पुतण्या हुशार आहे. व्हिडिओ बघून त्याला कळलं होतं की बंद पडलेला संगणक पेनड्राइव्हवरून चालू करता येतो आणि आतल्या फायली बाहेर काढता येतात. लिनक्सची एक हलकी आवृत्ती त्यानं उतरवून घेतली होती. "पण काका, पेनड्राइव्हवरनं पण चालू होत नाही."

तर मंडळी, त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत मी आणि पुतण्या त्या लॅपटॉपपुढे बसलो होतो. दर वेळी नव्या कारणानं अडायचं. आणि गंमत अशी, की प्रत्येक कारणामागे संगणकाच्या इतिहासातला एकेक काळ उभा होता. तो इतिहास मी तुकड्यातुकड्यांत पुतण्याला सांगत गेलो. तोच इथे नीट मांडायचा विचार आहे.

पहिलं कारण सोपं होतं. पुतण्यानं आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली होती. सिनेमा टाकतो तशी! आता यात त्याची काही चूक नाही. फाइल आहे, पेनड्राइव्हवर आहे, मग का चालत नाही? हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी 'बूट' म्हणजे काय ते बघावं लागतं.

संगणकाला डिस्कवरची फाइल वाचायची असेल तर 'फाइल कशी वाचायची' हे सांगणारा प्रोग्रॅम आधी त्याच्या स्मृतीत असावा लागतो. तो प्रोग्रॅम असतो कुठे? डिस्कवर. म्हणजे डिस्क वाचायला डिस्कवरचाच प्रोग्रॅम हवा. इंग्रजीत स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलण्याची एक जुनी कल्पना आहे. त्या पट्ट्यांना म्हणतात बूटस्ट्रॅप. त्यावरून या प्रकाराला नाव पडलं बूटस्ट्रॅपिंग, आणि पुढे लोकांनी त्याचं 'बूट' करून टाकलं.

यावर तोडगा एकच. अगदी थोडंसं काहीतरी बाहेरून आत घालायचं आणि त्या थोड्यानं बाकीचं ओढून घ्यायचं. १९५२ च्या आयबीएम ७०१ यंत्राला त्यासाठी खास बटण होतं. ते दाबलं की पंचकार्डावरचा, टेपवरचा किंवा ड्रमवरचा पहिला शब्द स्मृतीत यायचा आणि मग तो पुढच्यांना बोलावून घ्यायचा. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा पूर्ण आकाराचा संगणक सुरू झाला. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, बारीक बारीक चुंबकीय कड्यांची. या कड्यांचा एक गुण असा की वीज गेली तरी त्यातलं पुसलं जात नसे. पुढे सेमीकंडक्टरची स्मृती आली. ती स्वस्त, वेगवान, पण वीज गेली की कोरी पाटी! म्हणजे बटण बंद केलं की संगणक सगळं विसरतो, आणि रोज सकाळी त्याला पहिला धडा नव्यानं द्यावा लागतो.

हा धडा एके काळी माणसं हातानं देत. १९७५ साली आलेल्या ऑल्टेअर ८८०० या छोट्या संगणकाला ना कीबोर्ड, ना पडदा. समोर नुसती खटक्यांची रांग. खटके वरखाली करून एकेक आकडा स्मृतीत भरायचा. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी या यंत्रासाठी बेसिक भाषा लिहिली आणि ती दाखवायला अ‍ॅलन विमानानं आल्बुकर्कीला निघाले. विमान उतरायला लागलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बेसिक तर कागदी टेपवर घेतलंय, पण ती टेप वाचायला लावणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिलाय! तो त्यांनी विमानातच वहीवर खरडला. दुसऱ्या दिवशी खटके वरखाली करून तो आत भरला, आणि यंत्रानं दोन अधिक दोन चार असं उत्तर दिलं. तो कागद विसरला असता तर काय झालं असतं कुणास ठाऊक. एवढी मोठी कंपनी, पण तिचीही सुरुवात अशी बूट होण्यापाशीच अडली होती.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्यात हा पहिला धडा एका चिपमध्ये कायमचा कोरून ठेवला होता. त्याचं नाव बायोस. बायोसला फार अक्कल नव्हती. फ्लॉपीचे पहिले ५१२ बाइट उचलायचे, स्मृतीत एका ठरलेल्या जागी ठेवायचे आणि त्यांच्या हाती कारभार सोपवायचा. पुढे हार्ड डिस्कचंही तसंच, आणि तिथे त्या ५१२ बाइटांच्या शेवटी ठरलेली दोन बाइटांची खूण आहे का, एवढं तपासायचं. त्यांना बूट सेक्टर म्हणतात. पेनड्राइव्हवर आयएसओ फाइल नुसती कॉपी केली की हा बूट सेक्टर काही बदलत नाही. घराच्या आत सामान येतं, पण उंबऱ्यावर बोलवायला कुणी नसतं. रूफससारखे प्रोग्रॅम ती उंबऱ्यावरची व्यवस्था करून देतात.

"मग रूफसनं करू," म्हणत पुतण्या उठला. मी म्हटलं, "थांब, माझ्याकडे तयार आहे." माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक जुना पेनड्राइव्ह कायम असतो. त्यानं मी आजवर कितीतरी मित्रांचे संगणक उठवलेत. मोठ्या ऐटीत तो लावला. काही नाही! विंडोजचं आपलं तेच, 'दुरुस्तीची तयारी चालू आहे', आणि पुन्हा काळा पडदा.

इथे आला दुसरा काळ, क्रमाचा. आधी कुणाचं ऐकायचं, फ्लॉपीचं की हार्ड डिस्कचं?

मी संगणक शिकलो बारामतीच्या एका क्लासात, नव्वदच्या दशकात. तिथल्या सरांचा एकच दंडक होता. उठण्यापूर्वी फ्लॉपी काढायची. चपला बाहेर काढल्या नाहीत तरी चालेल, पण फ्लॉपी आत राहता कामा नये. कारण त्या काळी संगणक आधी फ्लॉपीचं ऐकायचा. चुकून साधी फ्लॉपी आत राहिली तर सकाळी पडद्यावर 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर' असा संदेश यायचा. आम्हाला वाटायचं, चला, काही बिघडलं नाही, फ्लॉपी काढून पुन्हा चालू करू. पण तो संदेश दाखवणाराही फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधलाच छोटा प्रोग्रॅम असायचा! त्याच्या जागी कुणी व्हायरस बसवला असेल तर तो तेवढ्यात हार्ड डिस्कवर जाऊन बसलेलाही असायचा.

१९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस याच जातीचा. त्यात त्यांनी स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. १९९० साली भारतात एक सापडला, त्याचं नाव चक्क 'जोशी'! दर वर्षी ५ जानेवारीला संगणक अडून बसायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टंकलं की मगच पुढे सरकायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून जाईल म्हणावं तर तेही तो मध्येच पकडायचा. आमच्या क्लासात दोन जोशी होते. दोघांवरही संशय घेऊन झाला होता. बिचारे!

जोशी निदान विनोदी होता. मायकेलँजेलो तसा नव्हता. तो ६ मार्चला जागा व्हायचा आणि डिस्कवरची माहिती पुसायचा. १९९२ साली जगभर त्याची भीती पसरली होती. त्याच सुमाराला पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करायचे. दहावीपर्यंत शिकलेला, साताऱ्याकडच्या घरातला हा मुलगा. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस फार निघायचे. त्यांचे धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी मायकेलँजेलो काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. मग दुसऱ्या व्हायरसवरचा, मग तिसऱ्यावरचा. १९९५ च्या सुमारास त्या सगळ्यांचं मिळून 'क्विक हील' झालं. आज ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. उंबऱ्यावरून चोर शिरतो हे कळल्यावर आपल्याच दोन मराठी पोरांनी राखणीचा धंदा उभा केला.

या अनुभवातून संगणकांचा स्वभाव बदलला. पुढे फ्लॉपी गेल्या आणि घरची हार्ड डिस्क आधी, पाहुणा मागाहून, असा क्रम रुळला. आबांच्या लॅपटॉपमध्ये तर पाहुण्याची यादी दाखवणारी एफ-१२ ही कळसुद्धा कारखान्यातूनच बंद करून आली होती. एफ-२ दाबून सेटिंगमध्ये गेलो, ती चालू केली. पुन्हा एफ-१२. यादी आली. यादीत माझा पेनड्राइव्ह नाही!

आता मात्र पुतण्या माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागला.

इथे थोडं मागे जायला हवं. पेनड्राइव्हवरून बूट होणं ही गोष्ट मुळात कुणी ठरवून केलेली नाही. यूएसबीचं पहिलं प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये आलं. सात कंपन्यांनी मिळून ते केलं, आणि त्यात इंटेलमधले अजय भट्ट आघाडीवर होते. ते शिकले गायकवाडांच्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. त्या वेळी विचार होता माउस, कीबोर्ड, प्रिंटर यांच्यासाठी एकच एक खाच असावी, एवढाच. खिशात मावणारे पेनड्राइव्ह विकायला आले २००० साली, आणि त्यांत जेमतेम आठ मेगाबाइट मावायचे. सीडीवरून बूट व्हायची पद्धत १९९५ साली ठरली होती. तिचं नाव 'एल तोरितो', कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलवरून. ती ठरवणारे इंजिनियर तिथे जेवायला बसले होते म्हणे!

पेनड्राइव्हची अडचण अशी की बायोसला त्याची ओळखच नव्हती. मग त्याला सोंग घ्यावं लागायचं. २००३-०४ चे संगणक ज्यांनी हाताळलेत त्यांना आठवेल, सेटिंगमध्ये यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे तीन पर्याय असायचे. म्हणजे पेनड्राइव्हनं फ्लॉपी व्हायचं, की झिप डिस्क, की हार्ड डिस्क, ते आपण सांगायचं. कुठल्या बोर्डवर कुठलं सोंग खपेल याचा नेम नसे. २००७ साली सीडी ड्राइव्हच नसलेले छोटे लॅपटॉप निघाले आणि मग कुठे पेनड्राइव्हला मानाचं पान मिळालं. तोवर क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसानं क्नॉपिक्स काढून दाखवलं होतं की काहीही इन्स्टॉल न करता अख्खी लिनक्स सीडीवरून चालू शकते. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीड्या यायच्या. वर्गणी एकाची आणि सीडी दहा घरं फिरायची. माझा जुडग्यातला पेनड्राइव्ह हा त्या सीड्यांचाच वारसदार.

आणि इथेच लाइट गेली. आबांच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे तोही गपकन बंद.

आई चहा घेऊन आली. "आरं, दुपारपास्नं काय चाललंय त्या डबड्यापुढं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, याचं स्वतःचं आतलं नासलंय, म्हणून बाहेरून दुसरं थोडंसं आणून घालतोय, म्हणजे आतलं जागं होईल.

"म्हंजी विरजण," आई म्हणाली. "आपलं नासलं की शेजारनं वाटीभर आणायचं. त्यात एवढं काय?"

मी पुतण्याकडे बघितलं, पुतण्यानं माझ्याकडे. इतकी वर्षं मी लोकांना बूट म्हणजे काय ते बुटाच्या पट्ट्यांवरून समजावत आलो. दह्यासाठी दही लागतं. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी ठेवायचं. घरचं बिघडलं तर शेजारी हाक मारायची. जगातल्या कुठल्याही पुस्तकात यापेक्षा सोपं सांगितलेलं मला आढळलेलं नाही.

तासाभरानं लाइट आली. आता तिसरा काळ. माझा पेनड्राइव्ह यादीत का नव्हता? तर तो जुन्या बायोसच्या काळातला, ३२ बिटचा. आणि हा लॅपटॉप बायोसच्या पुढच्या पिढीतला, यूईएफआयवाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंटेलनं आपल्या मोठ्या सर्व्हरसाठी बायोसला पर्याय शोधायला घेतला. २००५ साली त्याला अनेक कंपन्यांचा सामाईक मंच मिळाला. गरज खरी होती. जुनी डिस्क मांडायची पद्धत दोन टेराबाइटच्या पुढे जाऊच शकत नव्हती. यूईएफआय ५१२ बाइट बघत नाही. तो पेनड्राइव्हवर ठरावीक नावाच्या फोल्डरात ठरावीक नावाची फाइल शोधतो, आणि पेनड्राइव्ह सहसा फॅट-३२ पद्धतीचा लागतो. माझ्या पेनड्राइव्हवर ती फाइलच नव्हती. दोघे एकमेकांसमोर उभे, पण भाषा वेगळी. जुनी भाषा समजून घेणारी 'लेगसी' नावाची सोय लॅपटॉपमध्ये होती, पण ती करड्या रंगात, दाबता न येणारी.

माझा पेनड्राइव्ह गुपचूप पुन्हा जुडग्यात गेला. पुतण्याचीच आयएसओ रूफसनं नीट लिहिली. या वेळी यादीत नाव आलं! एंटर दाबलं, आणि लाल चौकट. सही ओळखता येत नाही, सुरक्षित बूटचं उल्लंघन.

हा चौथा आणि आपला आजचा काळ. बूट सेक्टरच्या चोरांनी शेवटी उंबऱ्यालाच कुलूप लावायला भाग पाडलं. २०११ साली सिक्युअर बूटचे नियम आले आणि २०१२ च्या विंडोज ८ बरोबर ते घरोघरी गेले. बूट करणाऱ्या प्रोग्रॅमवर ओळखीची सही असेल तरच आत घ्यायचं. सह्या तपासायच्या किल्ल्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातच भरलेल्या असतात आणि त्या मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या. लिनक्सवाल्यांनी तेव्हा मोठी ओरड केली. मग दोन वाटा निघाल्या. एक, मोठ्या लिनक्स आवृत्त्यांनी 'शिम' नावाचा छोटा मध्यस्थ प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला. दुसरी, विंडोज ८ च्या अटींतच असं होतं की साध्या पीसीवर मालकाला हे कुलूप बंद करता आलं पाहिजे. विंडोज १० आलं तेव्हा ही अट ऐच्छिक झाली, कंपनीच्या मर्जीवर.

पुतण्याची हलकी आवृत्ती सही नसलेली. म्हणजे शेजारीण ओळखीची होती, विरजण चांगलं होतं, पण वाटीवर शिक्का नव्हता.

सेटिंगमध्ये कुलूप बंद करायचा पर्यायही करडाच होता. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. आधी सेटिंगलाच पासवर्ड घालायचा, मग तो पर्याय उघडतो! मालक आहेस हे आधी सिद्ध कर, मग कुलपाला हात लाव. खरं तर बरोबरच आहे, पण हे कुठे लिहिलेलं नाही. पासवर्ड घातला (आणि वहीत लिहून ठेवला, विसरला तर पंचाईत), सिक्युअर बूट बंद केलं, एफ-१२, पेनड्राइव्ह.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. पुतण्या ओरडलाच, "झालं!"

आबांची डिस्क दिसली. केवळ वाचता येत होती, लिहिता येत नव्हती, कारण विंडोज ८ पासून 'बंद' केलेला संगणक पूर्ण बंद होत नाही, अर्धा झोपलेला असतो. आम्हाला वाचणंच हवं होतं. 'माझे कागद' नावाचं फोल्डर सापडलं. त्यात 'दुष्काळ' नावाची फाइल. उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरांची भुसकट! क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं, आबा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकायचे. त्या फाँटशिवाय ती अक्षरं वाचताच येत नाहीत. फाँट मिळणार कुठे? त्याच डिस्कवर, विंडोजच्या फोल्डरात. तोही उचलला. लिनक्समध्ये बसवला, आणि पानभर देवनागरी उमटली. त्रेचाळीस पानं.

पहिल्याच पानावर यादी होती, नालाबंडिंगच्या कामावर गेलेल्या बायकांची. आई पलीकडून वाकून बघत होती. तिनं एका नावावर बोट ठेवलं. तिच्या सासूचं, माझ्या आजीचं नाव. पुढे आबांनी लिहिलं होतं की ती रोज सुकडीतली अर्धी पदरात बांधून घरी आणायची. आई म्हणाली, "खरंय. ह्येंनी मला सांगितलं होतं एकदा." आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

ही त्रेचाळीस पानं वाचली ती चार-पाच गोष्टींमुळे. लॅपटॉपचा उंबरा बाहेरच्याला आत घ्यायला तयार होता. कुलूप होतं, पण किल्ली घरातच होती. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नव्हती. हे सगळं जमून आलं. दर वेळी येईलच असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर कितीतरी लोकांच्या संगणकांवर शेजारी नांदणारी लिनक्स चालू होईना. शिक्क्यांच्या यादीत बदल झाला होता आणि घरमालकाला कुणी विचारलं नव्हतं. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीत नव्यानं इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं प्रवेश केला की डिस्क बहुतेक आपोआप एन्क्रिप्ट होते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपसाठी ते उत्तमच. पण रिकव्हरी की कुठे आहे हे घरात कुणाला माहीत नसेल, तर माझ्यासारख्या मुलाच्या हाती पेनड्राइव्ह असूनही काही लागणार नाही.

आणि खरं सांगायचं तर आज वरकुट्यात संगणक म्हणजे मोबाइल. आबांच्या वयाची माणसं आता आठवणी टंकत नाहीत, मोबाइलमध्ये बोलून ठेवतात. मोबाइलला पेनड्राइव्हवरून बूट करायची वाट सहसा नसतेच. ते बिघडलं की दुकानदार म्हणेल तेच.

जोशी आणि मायकेलँजेलो बघितलेला माणूस कुलपाला विरोध करणार नाही. मीही करत नाही. उंबऱ्यावरून चोर येतो आणि त्याच उंबऱ्यावरून विरजणाची वाटी घेऊन शेजारीणही येते. कुणाला आत घ्यायचं ते घरातल्या माणसानं ठरवावं आणि ठरवता येईल इतपत त्याला ते समजावं, एवढंच माझं म्हणणं. दुकानदारानं 'फॉरमॅट' म्हटलं त्यात वाईट हेतू नसावा. त्याच्या दृष्टीनं नासलेलं भांडं घासायचं होतं. आत काय आहे ते त्याला कसं कळणार?

निघताना पुतण्याला तीन गोष्टी करायला लावल्या. ती पानं दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी केली. लॅपटॉपच्या सेटिंगचा पासवर्ड कपाटातल्या वहीत लिहिला. आणि एक पेनड्राइव्ह आजच्या काळातल्या लिनक्सचा तयार करून देवघराच्या फडताळात ठेवला. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाच होता, तेव्हा लॅपटॉपवर आता लिनक्सच घातली आहे. पुतण्या त्यावर आबांची पानं युनिकोडमध्ये उतरवतोय. रोज दोन पानं. अडलेलं नाव आजीला विचारतो.

परवा फोन केला तर म्हणाला, "काका, शेजारच्या पोराचा लॅपटॉप उठवून दिला, तुमच्या विरजणानं!"

असो. माझ्या जुडग्यातला जुना पेनड्राइव्ह मात्र मी अजून काढलेला नाही.